औषध देणाऱ्या बाईला कोण शिकवणार?

बाईच्या दिवसभराच्या कामांची यादी आपण गटाच्या बैठकांत कितीदा तरी केली आहे. स्वयंपाक, धुणी, भांडी, पाणी भरणे, मुलांची शाळा, सासूसासऱ्यांचे पथ्यपाणी. आजाऱ्याला औषध देणे हे काम त्या यादीत वेगळे असे कधी येत नाही. कुणीतरी 'आजारी माणसाची सेवा' म्हणते आणि त्या एका शब्दाखाली ते झाकले जाते. सेवा हा शब्द बायकांच्या बाबतीत फार सोयीचा आहे. सेवा मनापासून करायची असते, ती शिकावी लागत नाही, तिचे पैसे मागायचे नसतात, आणि काही बिघडले तर बाईचे मनच त्यात नव्हते असे म्हणता येते. औषध देणे असे मायेवर भागत नाही. मायेने दिलेली दुप्पट गोळी पोटात गेल्यावर दुप्पटच असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की औषध देणे हे कसबाचे आणि जोखमीचे काम आहे. ते करणारी घरातली सून असो की पगारावर आलेली मावशी, तिला त्याचे रीतसर शिक्षण मिळाले पाहिजे. आणि ही मागणी आपण कामगार म्हणून केली पाहिजे, कुणाच्या मेहेरबानीची वाट पाहत नव्हे.

मी पुंडलिकनगरात राहते. छत्रपती संभाजीनगरातला, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेतला, गारखेड्याजवळचा हा भाग. चिकलठाण्याच्या, वाळूजच्या कारखान्यांत नोकऱ्या लागल्या तशी इथे अनेकांनी लहान लहान प्लॉट घेऊन घरे बांधली. ती घरे बांधणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. साखर, बीपी, लकवा, गुडघे, कुणाचे डायलिसिस. घरोघरी खुंटीला औषधांची पिशवी लटकलेली असते आणि तिच्यात दोन-तीन डॉक्टरांची औषधे एकत्र नांदत असतात. मुलगा पुण्याला, नाहीतर कंपनीत पाळीवर. पिशवीचा कारभार सुनेकडे, लेकीकडे किंवा स्वतःच आजारी असलेल्या बायकोकडे. नळाला पाणी आले की सगळी कामे जागच्या जागी थांबतात, तशी गोळीही थांबते. पाणी भरून झाल्यावर ती दिली होती की द्यायची राहिली, हे आठवायचेही तिनेच.

दुसऱ्या बायका पगारावर जाणाऱ्या. आमच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून पुष्कळजणी 'पेशंट सांभाळायला' जातात. बारा तासांची पाळी, नाहीतर चोवीस तास तिथेच. काम ब्युरोमार्फत मिळते आणि ब्युरोवाला पगारातून आपला वाटा कापून घेतो. कामावर घेताना तो विचारतो, "बीपी बघता येतं का? इन्सुलिन देता येतं का?" गरज असलेली बाई हो म्हणते. झाले तिचे प्रशिक्षण.

ह्या बाईला घरातले काय म्हणतात तेही ऐकण्यासारखे असते. इंजेक्शन हातात देताना तिला 'सिस्टर' म्हणतात, फरशी पुसायला सांगताना 'मावशी', आणि पगाराचा विषय निघाला की 'ती बाई'. खऱ्या सिस्टरला परिचर्येचे शिक्षण घ्यावे लागते, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. ब्युरो पांढरा कोट देतो, शिक्षण देत नाही. म्हणजे जबाबदारी सिस्टरची आणि पगार मावशीचा.

केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रीची दिवसाला १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ७४. ह्यात मुलांना सांभाळणेही आले. हे आकडे वाचून आपल्यापैकी कुणाला आश्चर्य वाटणार नाही. पण दवाखान्यातून रुग्णाला घरी सोडताना काय होते ते ह्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

आमच्या नात्यातल्या एका वयस्क बाईंना हृदयाच्या त्रासानंतर दवाखान्यातून सोडले, त्या दिवशी मी तिथे होते. दवाखान्याचे नाव महत्त्वाचे नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालते. बिल भरायला मुलगा खिडकीपाशी उभा होता. कागदाची घडी, औषधांचे खोके आणि 'ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी' हे सगळे त्याच्या हातात आणि त्याच्या कानात पडले, कारण पैसे त्याने भरले होते. सून त्या वेळी खोलीत सासूबाईंना साडी नेसवत होती. घरी आल्यावर मुलाने पिशवी तिच्याकडे दिली आणि म्हणाला, "सगळं लिहिलंय बघ त्यात." त्यात इंग्रजीत लिहिले होते. ती मराठी माध्यमात बारावीपर्यंत शिकलेली हुशार मुलगी आहे. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना, 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच, हे तिला कुणी सांगितले नव्हते. हे शाळेत शिकवत नाहीत. जिने गोळी द्यायची तिला सांगायचे नाही आणि ज्याने द्यायची नाही त्याला सांगायचे, इतक्या सरळ गोष्टीत आपली कुटुंबव्यवस्था आणि आपली आरोग्यव्यवस्था ह्यांचे छान जमते.

आता जोखीम म्हणजे नेमके काय, ते सांगते. कारण 'गोळी द्यायला काय शिकायचं असतं' हा प्रश्न बायकाही विचारतात.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्याकडे चिठ्ठीवर १-०-१ असे लिहायची पद्धत आहे, सकाळ-दुपार-रात्र. डोक्यात तो साचा इतका पक्का बसलेला असतो की आठवड्याची गोळी रोज दिली जाते. ती रोज पोटात गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, आणि माणूस दगावू शकतो. जगभर हा अपघात पुन्हा पुन्हा झालेला आहे. तिच्याबरोबर फॉलिक अॅसिडची गोळीही देतात आणि दोन्ही लहान, पिवळसर असू शकतात. 'आठवड्यातून एकदा, मंगळवारी' एवढे चार शब्द मराठीत पाकिटावर लिहिले तर हा अपघात टळू शकतो.

इन्सुलिनचे पाहा. बाटलीतले इन्सुलिन आपल्याकडे साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते, पेनच्या कार्ट्रिजमधले १०० युनिटचे. आता १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, ४० च्या सिरिंजच्या सुईचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी. घरात पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढले तर ठरलेल्या मात्रेच्या अडीच पट इन्सुलिन शरीरात जाते. साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो. रात्रपाळीची बाई एकटी. हे लाल-नारिंगीचे गणित तिला आधी सांगायला दहा मिनिटेही लागत नाहीत. तेच साखरेच्या काही गोळ्यांचे. आजीने जेवायला नको म्हटले तरी 'गोळी तरी घ्या' म्हणून ग्लिमेपिराइड दिली की साखर उतरते. जेवण नाही तर ती गोळी द्यायची की थांबायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचे असते. विचारायचे असते हे कळणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

लहान मुलांच्या तापाचे औषध थेंबांच्या बाटलीत येते आणि पातळ औषधाच्या बाटलीतही येते. थेंबांच्या बाटलीत ते बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, पातळ औषधात पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५. थेंबांच्या बाटलीतले औषध चमचाभर पाजले की बाळाला चौपट मात्रा गेली. आणि चमचा कुठला? आपल्या भांड्यांच्या मांडणीत तीन मापांचे चमचे असतात. बाटलीबरोबर येणारे मापाचे टोपण पहिल्याच दिवशी हरवते, ते जपून ठेवायचे असते.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून नळीतून दिली जाते. पण ज्या गोळ्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असे काही लिहिलेले असते त्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचे औषध एकदम अंगावर येते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी द्यायची आणि कॅल्शियमची किंवा लोहाची तिच्यासोबत द्यायची नाही, नाहीतर ती लागू पडत नाही. डोळ्यांत दोन वेगळी औषधे घालायची असली तर मध्ये पाच मिनिटे थांबायचे, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन काढते. दम्याचा स्टिरॉइडचा पंप ओढून झाला की चूळ भरायला सांगायचे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि वीज केव्हाही जाते, तेव्हा इन्सुलिन कुठे ठेवायचे? बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. फ्रीज नसेल तर पाण्याने भिजत ठेवलेल्या माठात, बाटलीला पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवता येते. माठ तर आपल्या प्रत्येकीच्या घरी आहे.

आणखी एक गोंधळ नावांचा. एकच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने लिहिले, साखरेच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने, आणि घरात दोन्ही चालू. म्हाताऱ्या बायका गोळी रंगावरून ओळखतात, आणि जनऔषधी दुकानातून तेच औषध आणले की रंग बदलतो. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केला. औषध समजावून सांगणे हे औषध देणाऱ्या फार्मासिस्टचे काम आहे, असे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत लिहिलेले आहे. आपल्या गल्लीतल्या मेडिकलवर जाऊन "हे समजावून सांगा" असे म्हणणारी बाई भीक मागत नाही, हे तिला माहीत असायला हवे. गर्दीच्या वेळी दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

"पण ताई, आमच्या बायका अडाणी, त्यांना हे कसं जमणार?" असे एका ब्युरोवाल्याने मला ऐकवले होते. त्याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच दिलेले आहे.

आपल्या शहरापासून फार लांब नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी आरोग्यसेविका म्हणून गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या पुष्कळजणी निरक्षर, दलित, टाकलेल्या, विधवा. गावाने ज्यांच्या हातचे पाणी घेतले नसते त्यांच्या हातून पुढे गावाने औषध घेतले. त्या परत परत जामखेडला येत, काय झाले ते सांगत, थोडे नवे शिकत आणि गावी जाऊन तेच दुसऱ्या बायकांना शिकवत. ह्या सतत येण्याजाण्याला मी फार महत्त्व देते. आजकालचे प्रशिक्षण म्हणजे तीन दिवसांचा हॉल, जेवण, एक फोटो आणि प्रमाणपत्र. औषध देण्याचे काम असे एकदाच शिकून संपत नाही. नवे औषध आले की पुन्हा शिकावे लागते.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने तर ह्याहून अवघड गोष्ट करून दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी आधी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केले. तिथल्या दाईला अंक मोजता येत नसत आणि न्यूमोनिया ओळखायला तर एका मिनिटात बाळाचे श्वास मोजावे लागतात. त्यांनी एक साधे यंत्र बनवले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचे. दाईला शाळेत पाठवण्याची वाट न पाहता साधन तिच्या बेताचे केले. पुढे १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. ह्या आरोग्यदूतांनी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना जेंटामायसिनची इंजेक्शने दिली. आधी दवाखान्यात न्या असे सांगायचे, घरचे तयार नसतील तर लेखी संमती घ्यायची, मग ठरलेली मात्रा द्यायची, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची, आणि डॉक्टर येऊन त्या नोंदी तपासायचे. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. जंतुसंसर्गाच्या शंभर बाळांमागे पूर्वी सोळा-सतरा दगावत होती, आरोग्यदूतांच्या उपचारानंतर तीनहूनही कमी. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांसाठी नवजात बाळाच्या घरभेटींचा जो कार्यक्रम आखला त्याचे मूळ ह्या कामात आहे.

दीड-दोन किलोच्या बाळाला गावातली सातवी शिकलेली बाई इंजेक्शन देऊ शकते, तर आमच्या मुकुंदवाडीची मावशी आजोबांना इन्सुलिन बरोबर देऊ शकणार नाही, असे कुणी सांगू नये. फरक एवढाच की गडचिरोलीच्या बाईला शिकवले, तपासले, साधन दिले आणि तिच्या पाठीशी डॉक्टर उभे राहिले. आमच्या मावशीच्या पाठीशी कुणी नाही.

साधनाचा मुद्दा क्षयरोगाच्या कार्यक्रमातही दिसला होता. १९९७ नंतर त्यात प्रत्येक रुग्णाच्या नावाचे वेगळे खोके असे, त्यात त्याचे सगळ्या महिन्यांचे औषध, आणि खोक्याच्या रंगावरून उपचाराचा गट कळे. ते खोके अंगणवाडी सेविकेने, शेजाऱ्याने, कुणीही सांभाळले. पुढे २०१७ पासून ती पद्धत बदलून रोजच्या गोळ्या आल्या. पण रंग, खोके, नाव ह्यांतली अक्कल घरच्या पिशवीलाही लावता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांमुळे होणारी गंभीर इजा पाच वर्षांत निम्मी करायची मोहीम जाहीर केली होती. अशा मोहिमांचा भर दवाखाने आणि औषधालये ह्यांच्यावर असतो. घर तिथून फार दूर राहते.

अभ्यासक्रम मुळीच नाहीत असे नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम चालवला. केंद्राच्या कौशल्य विकासात 'होम हेल्थ एड' नावाचा अभ्यासक्रम आहे. पण त्याला शिक्षणाची अट असते, दिवसाचे पूर्ण वर्ग असतात, आणि आमच्या बाईचा दिवस तर दुसऱ्याच्या घरी विकलेला असतो. शिकून आली तरी ब्युरो तिला पगार वाढवून देत नाही. मग तिने रोज बुडवून शिकायचे कशासाठी? शिकण्याचे दिवस पगारी धरले जात नाहीत तोवर हे अभ्यासक्रम ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत.

इथवर चूक टाळण्याविषयी बोलले. ह्याहून नाजूक एक गोष्ट आहे, ती आपल्या बैठकांत बायका दार लावून बोलतात.

पेशंट सांभाळणाऱ्या एका बाईला घरच्या वहिनींनी सांगितले, "बाबा रात्री फार त्रास देतात. झोपेची अजून एक गोळी देत जा." चिठ्ठीवर एकच होती. बाई म्हणाली, "वहिनी, डॉक्टरांना विचारून द्या." दोन दिवसांनी ब्युरोचा फोन आला, उद्यापासून येऊ नका, त्यांना दुसरी बाई हवी. झोपेच्या गोळीने म्हातारा माणूस रात्री लघवीला उठताना झोकांडी जाऊन पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि त्यातून पुष्कळजण पुन्हा उठत नाहीत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत आणि विकल्या तर वहीत नोंद ठेवायची, असा कायद्याचा नियम आहे. दुकानदाराला नियम आहे, आणि बाईला फक्त "देत जा". आजोबा पडले असते तर पोलिसांनी कुणाला विचारले असते?

त्या वहिनींना मी राक्षसीण म्हणत नाही. महिनोन् महिने रात्र रात्र जागणारी बाई काय बोलेल ह्याचा नेम नाही, आणि त्या घरात बाबांचे मुलगे दोन आहेत हेही सांगते. पण म्हणूनच औषधाच्या शिक्षणात 'नाही म्हणणे' हा धडा असला पाहिजे आणि तो धडा देणाऱ्याने नाही म्हटल्यावर काम गेले तर काय करायचे, ह्याचाही विचार केला पाहिजे. चिठ्ठीवर नसलेली गोळी देणार नाही. पाकिटातून काढलेली, पुडीत बांधलेली सुटी गोळी देणार नाही, कारण ती कशाची आहे हे सांगता येत नाही. मी न शिकलेले इंजेक्शन देणार नाही. ही तीन वाक्ये एकटी बाई बोलली तर तिचे काम जाते. वस्तीतल्या सगळ्या बायका बोलल्या तर ब्युरोला ऐकावे लागते. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी सुट्टीची आणि दिवाळीच्या बोनसची लढाई अशीच लढली. २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावल्यावर आला. पेशंट सांभाळणाऱ्या बायका मात्र अजून स्वतःला त्या रांगेत धरत नाहीत. पांढऱ्या कोटाचा तेवढा परिणाम होतो.

आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीचा आक्षेप इथे मांडला पाहिजे, कारण तो खरा आहे. ती म्हणते, बायकांना औषध द्यायला आणखी तरबेज केले की हे काम कायमचे बायकांच्या गळ्यात पडेल, आणि दवाखाने रुग्णांना आणखी लवकर घरी धाडतील. दुसऱ्या भागाची भीती मलाही वाटते. बेड मोकळा करायचा आणि नळी, जखम, इंजेक्शन सगळे घरच्या बाईवर सोपवायचे, हे सुरू झालेलेच आहे. आशांचेही तसेच झाले. २००५ पासून सरकारने त्यांच्यावर काम वाढवत नेले, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि पगाराऐवजी मोबदला आणि मानधन असेच शब्द चालू राहिले. पण बाईला अडाणी ठेवून हे काम तिच्या गळ्यातून निघत नाही. ते तसेच राहते, फक्त जास्त धोक्याचे होते. म्हणून मी म्हणते की शिकवायला बसवताना घरातल्या पुरुषाला सोबत बसवा. शुक्रवारची मेथोट्रेक्सेट मुलाने द्यायची, रात्रीचे इन्सुलिन नवऱ्याने. त्याला जमणार नाही असे तो म्हणेल. मोबाइलवर बँकेचे सगळे व्यवहार जमतात, हेही जमेल.

आमच्या वस्तीत आम्ही काय करू पाहतो आहोत ते थोडक्यात. पहिली गोष्ट वही. साधी दोनशे पानी वही, आडव्या रांगेत औषधे, उभ्या रांगेत उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र. वाचता येत नसेल तर रिकाम्या पट्टीचा तुकडा औषधाच्या जागी चिकटवायचा. खूण गोळी गिळल्यावर करायची, हातात घेतल्यावर नाही. पाळी बदलताना दिवसाच्या बाईने रात्रीच्या बाईला वही दाखवायची आणि दोघींनी सही किंवा अंगठा करायचा. ह्या वहीने पेशंटचे रक्षण होते तितकेच बाईचेही होते, उद्या कुणी बोट दाखवले तर तिच्याकडे कागद असतो. दुसरी गोष्ट, दवाखान्यातून सोडताना औषधे कुणाला समजावली, त्या माणसाचे नाव सुटीच्या कागदावर लिहायला लावायचे. घाटीत, महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत, सगळीकडे ही एकच मागणी घेऊन जायचे: जी देणार तिलाच सांगा, मराठीत सांगा आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्या. परिचारिका संघटनांशीही बोलायला हवे. त्यांना भीती आहे की आम्ही स्वस्तातल्या नर्सा तयार करतो आहोत. शिकवणाऱ्या त्याच असाव्यात आणि शिकवण्याचे त्यांना पैसे मिळावेत, असे ठरले तर ही भीती कमी होईल असे मला वाटते.

न सुटलेला प्रश्न रात्रीचा आहे. रात्री दोन वाजता साखर उतरली किंवा गोळी दोनदा गेल्याची शंका आली तर मावशीने फोन कुणाला करायचा? १०८ ची गाडी आहे, पण 'गाडी बोलवू की थांबू' हे विचारायला कुणीतरी हवे. मालक झोपलेले असतात, त्यांना उठवायची तिला भीती वाटते. ब्युरो फोन उचलत नाही. ह्यावर अजून आमच्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या गावांतल्या गटांनी काही करून पाहिले असेल तर ह्याच अंकाकडे लिहून कळवावे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातली औषधांची पिशवी आणायची आहे. खुंटीवर असते तशीच आणा, आवरून नको. आणि तिच्यासोबत घरातला एक पुरुष.